अधिष्ठानाचा तास

स्नेहलनं उरलेली अर्धी चपाती कुत्र्यापुढं टाकली आणि ओढणीला हात पुसले. तपकिरी रंगाचं, एक कान तुटलेलं ते कुत्रं पहिल्या दिवशी कर्जतच्या रस्त्यावरून ध्यानशिबिराच्या मांडवापर्यंत मागं मागं आलं आणि तिथलंच होऊन गेलं. सगळ्या जिवांवर माया करा, असं आचार्य रोज सांगत. आता त्या उघड्या माळावर माया करून घ्यायला आयतं दुसरं कोण येणार?

जवळच्या वस्तीवरची लंकाबाई शेळ्या घेऊन मांडवावरून चालली होती. कुत्र्याला चपाती खाताना बघून ती थांबली.

"ताई, त्याला खायला घालू नका. चपातीपायी ते तुमच्या मागं गवतात येतंय. तिथं हरणांची पाडसं बसलीत."

स्नेहलनं हसून ओठांवर बोट ठेवलं, मग हात जोडले. शिबिरात पाचही दिवस मौन होतं.

"तुमी बोलू नका. ऐकलं तरी लई झालं," असं म्हणत लंकाबाई शेळ्यांच्या मागं गेली.

पाडसाचं स्नेहलला माहीत होतं. कालच सकाळी दात घासायला ती बाजूला गेली, तेव्हा कुसळीच्या गवतात ते दिसलं होतं. पाय पोटाशी घेतलेले, मान जमिनीला टेकलेली. ती दोन पावलांवर जाऊन उभी राहिली तरी ते जागचं हललं नाही, फक्त बरगड्या वरखाली होत होत्या. रानात राहून निसर्गाशी पुन्हा नातं जोडायचं, असं शिबिराच्या पत्रकात छापलं होतं. ते नातं आपल्याला मिळालं, असं तिला त्या वेळी वाटलं. फार आनंद झाला होता तिला. कुणाला सांगता येत नव्हतं, म्हणून तो आणखीच आपला वाटला.

सात वाजता सगळे गवताच्या कडेला आपापल्या आसनावर बसले. हा अधिष्ठानाचा तास. या तासात डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय बदलायचे नाहीत. चार दिवस स्नेहल रोज हरली होती, कधी गुडघ्यामुळे तर एकदा नुसत्या मुंगीमुळे. आज शेवटचा दिवस. काही झालं तरी हलायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. कुत्रं मागोमाग आलं आणि तिच्या शेजारी अंग टाकून बसलं.

पाऊण तास बरा गेला. गुडघ्यात कळ आली आणि आली तशी गेली. मग शेजारचं ऊबदार अंग उठलं. गवत सळसळलं, आवाज लांब गेला आणि थांबला.

मग किंकाळी आली. बारीक, शेळीच्या करडासारखी.

आवाज येतो, आवाज जातो, आपण फक्त बघत राहायचं. आचार्यांनी हेच शिकवलं होतं. स्नेहल बघत राहिली. दुसरी किंकाळी आली. हरणी जवळच कुठंतरी फुरफुरत होती, खूर आपटत होती. अजून दहाएक मिनिटं असतील. आजूबाजूची बारा माणसं हलल्याची चाहूल नव्हती, पण गवतात काय आहे हे त्यांना कुठं माहीत होतं? तिला माहीत होतं. तरी तिनं तिसरी किंकाळी येऊन जाऊ दिली. चौथी आली नाही. नुसता काहीतरी फाटल्याचा आवाज आला, तेव्हा ती उठली.

पाय बधिर झाले होते. पडत, उठत ती पोचली. कुत्र्यानं पाडसाचं पोट उघडलं होतं. आतडी गवतावर आली होती आणि त्यांना कुसळं चिकटली होती. मागचा एक पाय पाडस अजून झाडत होतं.

कुत्र्यानं तिला पाहिलं. रक्तानं भरलेलं तोंड वर करून त्यानं शेपूट हलवलं.

तिनं दोन्ही हातांनी दगड उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. कुत्रं केकाटलं, पण पळालं नाही. तिच्या हाताचं ते चार दिवस खात होतं. ते पोटावर सरपटत तिच्या पायांशी आलं. दुसरा घाव पाठीत बसला आणि आत काहीतरी कडकन मोडलं. तिसरा, चौथा. तोंडातून अक्षर न काढता ती मारत राहिली. प्राण्याची हत्या करणार नाही, असं व्रत पहिल्या दिवशी तिनंही घेतलं होतं. ते तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

केकाटणं ऐकून लंकाबाई पळत आली आणि तिनं मागून मनगट धरलं.

"बास करा, ताई."

"त्यानं मारलं त्याला," स्नेहल म्हणाली. पाच दिवसांनी फुटलेला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

लंकाबाईनं पाडसाकडं पाहिलं. मग कुत्र्याकडं.

"मी कुत्र्याला सांगायला गेल्ते का? तुमाला सांगितलं हुतं."

स्नेहलच्या हातातून दगड सुटला. ती पाडसाशेजारी खाली बसली. मागं तास संपल्याची घंटा झाली. बारा माणसांनी डोळे उघडले आणि रोजच्यासारखं हलक्या आवाजात तीनदा 'साधू', म्हणजे 'उत्तम झालं', असं म्हटलं.

कुत्र्याची मागची बाजू लुळी पडली होती. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ते तिच्यापर्यंत आलं, आणि मोकळ्या झालेल्या तिच्या हातात चपाती आहे का, ते हुंगू लागलं.