संरक्षण बंद आहे

"आई, माउसवरचा हात काढ. आपण दोघी दोन दिशांना ओढतोय."

आईने हात मांडीवर घेतला. पडद्यावरचा बाण क्षणभर थबकला आणि मग आपणहून चालू लागला. लेक सातशे किलोमीटरवर, तिच्या घरात बसली होती. तिचा हात मात्र इथे, या खोलीत हिंडत होता. काही शोधायचं असलं की तो बाण आधी जरा डावीकडे झुके, मग सरळ जाई. आईने तो शंभरात ओळखला असता.

फोन टेबलावर, स्पीकरवर होता.

"हा कॉम्प्युटर माझ्या लग्नाआधीचा आहे. त्याला पेन्शन दे आता."

"पेन्शनरच्या घरी पेन्शनरच बरा. दोघांना सारखीच धाप लागते."

लेक हसली. आईने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. एक खिडकी उघडायला या यंत्राला दीड मिनिट लागे. तासभर सहज जाणार होता.

प्रश्न अँटीव्हायरसचा होता. जुना दर रविवारी बंद पडलेला सापडे. कोपऱ्यात लाल चौकट येई: संरक्षण बंद आहे. मग आई फोन करी आणि लेक तिकडून आत शिरून तो सुरू करून देई. आज हे दुखणं एकदाचं मुळापासून काढायचंच, असं लेकीने ठरवलं होतं.

"तीन आहेत बघ. पहिला फुकट आहे, पण दिवसभर जाहिराती दाखवून डोकं खाईल. दुसरा इतका जड आहे की तुझा कॉम्प्युटर जागेवरच बसेल. तिसरा हलका. त्यात सगळं ठीक आहे ना, ते मला माझ्या मोबाइलवर दिसत राहील. तुला हातसुद्धा लावायला नको."

"पहिला चालेल की."

"तुला? रेडिओवर जाहिरात लागली तर उठून बंद करतेस तू."

"होईल सवय. आणि तो तिसरा बिघडला तर?"

"नाही बिघडत. म्हणून तर घ्यायचा."

आईने पस्तीस वर्षं सूक्ष्मजीवांच्या प्रयोगशाळेत काढली होती. मागच्याच आठवड्यात तिने या तिन्हींच्या चाचण्यांचे निकाल शोधून वाचले होते आणि एका कागदावर तक्ता केला होता: कोण किती विषाणू पकडतो, कोण यंत्राला किती दमवतो. तिसराच योग्य होता. तक्ता तिने फाडून टाकला होता.

"थांब, जुना काढण्याआधी बघू दे तरी, हा मेला बंद का पडतो ते," लेक म्हणाली.

बाण एका यादीत शिरला, तिथून दुसरीत. पडदा पांढरा झाला. मग वरून खाली, एकेक करून ओळी उमटू लागल्या.

रविवार, दहा चाळीस. संरक्षण बंद केले: वापरकर्ता.

खाली मागचा रविवार, दहा अडतीस. वापरकर्ता. त्याखाली त्याच्या मागचा.

नऊ ओळी होत्या. जन्मभर नोंदवह्या ठेवलेल्या बाईला, यंत्रही आपली नोंद ठेवत असेल, हे सुचलं नव्हतं.

बाण सगळ्यात वरच्या ओळीवर येऊन थांबला.

"आई, हे तू बंद करतेस?"

फोनमधून लेकीच्या घरातलं कुणाचं तरी हसणं ऐकू आलं. मग दार लावल्याचा आवाज, आणि हसणं थांबलं.

"आई? हे आजचं आहे. चाळीस मिनिटांपूर्वीचं. तुला आठवत नाही?"

उत्तरं दोनच होती. खरं होतं ते अगदी लहान होतं, तीन-चार शब्दांचं. आईने ते ओठांपर्यंत आणलं. ते ऐकल्यावर लेक दर रविवारी न चुकता फोन करील, कामं बाजूला ठेवून, घड्याळ लावून, हे तिला लख्ख दिसलं.

"नाही गं," ती म्हणाली. "विसरले असेन."

बाण एकेक ओळ उतरत नवव्या ओळीपर्यंत गेला.

"असू दे. होतं असं कधीकधी." तिचा आवाज मऊ झाला होता. परक्या म्हाताऱ्या माणसांशी ती या आवाजात बोलायची.

यानंतर बाण कुठेही झुकला नाही. जुना अँटीव्हायरस गेला, तिसरा आला. यंत्र घरघरलं, दोनदा अडलं आणि पुन्हा चालू झालं.

"याला पासवर्ड घातलाय. आता चुकूनसुद्धा बंद होणार नाही. रविवारी हे घेऊन बसायची कटकट संपली तुझी."

"काय आहे पासवर्ड?"

"तो राहू दे माझ्याकडे."

कोपऱ्यात हिरवी खूण आली. अकरा वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

"बरं, मग..." आई म्हणाली.

"आई, एक विचारू? रागावू नकोस हं."

"विचार ना."

"आज वार कोणता आहे?"

हिरव्या खुणेच्या शेजारीच तारीख होती, वारही होता. आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोमवार," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची झटक्यात मागे सरकल्याचा आवाज झाला.