दोघांचं तिकीट

"त्या वाळक्या रोट्या ओल्या फडक्यात बांधा अन् मंग कुस्करा. कांदा नसन तं राहू द्या, तिखट-मीठ टाका," रुखमिणी फोनवर नवऱ्याला समजावून सांगत होती.

लग्नाला बारा वर्षं झाली, पण तुलारामनं पाण्याचा गिलास कधी स्वतःच्या हातानं भरून घेतला नव्हता. आता परदेशात, आठ जणांच्या खोलीत बसून तो बायकोकडून रांधणं शिकत होता. मुलूख कुठलाही असो, त्यांच्या आसगावच्या लेखी ते 'दुबई'च. कंपनी बंद पडून सात महिने झाले होते. पगार नाही, पासपोर्ट मालकाच्या कपाटात. कोणी धर्मात्मा आठवड्यातून एकदा तांदूळ आणि शिळ्या रोट्या देऊन जायचा, त्यावर खोली तगून होती.

"तुमी काय जेवले?" त्यानं विचारलं.

"वरण, भात, वांग्याची भाजी," रुखमिणीनं ठोकून दिलं.

चुलीवर कनकीची, तुकडा तांदळाची, पेज होती, तीही गुड्डीपुरती. पेज नसली तर ती नुसतं पाणी उकळत ठेवी. धूर निघाला म्हणजे गावाला वाटतं, बाईनं रांधलंय. आळीत कोणी गेलं तरच चूल थंड ठेवायची, नाहीतर पेटलीच पाहिजे, हा तिचा हेका.

शेजारची धुरपता पदर खोचून जवळच बसली होती. फोन रुखमिणीचा, ऐकणार दोघी, म्हणून आवाज कायम मोठा. धुरपताचा एकुलता एक कुंदन तुलारामच्याच खोलीत होता. 'तुलाराम हाय न संगं' एवढ्या एका भरवशावर तिनं पोराला धाडलं होतं.

"माह्या कुंदनले दे न बाबू फोन," ती म्हणाली.

"झोपला हाय, काकी. तापला होता, आत्ताच डोळा लागला."

"त्याले उठवू नोको. उठला का पेज पाजजो, बापा. लेकरू मांगून खात नाही."

"पाजतो न, काकी."

रुखमिणीला राहवलं नाही. "या न जी घरी आता. दोन घोट पेज पिऊन राहू, पण एकाच छपराखाली राहू."

"कसा येऊ, रुखमे? इथून जित्या माणसाले घरी धाडाले कोणाजवळ पैसा नाही."

फोन कटला. रुखमिणी उठली ती थेट तळ्याच्या पाळीवरच्या मातामायकडे गेली. नवस बोलायचा तर कबूल करायला हाताशी काही नव्हतं. नाकातली चमकीही मागच्या महिन्यात गेली होती. तिनं दगडावर डोकं टेकलं. "माय, तुले पाह्यजे ते घे. पण माह्या माणसाले आण."

मग पाच दिवस फोन नाही. पाच दिवस रुखमिणी फोन कमरेला खोचून निंदणाला गेली, आणि घटकेघटकेला तो काढून पाहत राहिली. सहाव्या दिवशी वाजला.

"येऊन राहिलो. परवा सकाळी पोचतो."

"अन् माहा कुंदन?" धुरपता ओरडलीच.

"त्यालेही संगंच आणून राहिलो, काकी. मालकानं देल्लं दोघाइचं तिकीट."

व माय! धुरपतानं रुखमिणीला मिठी मारली. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. तिकडे तुलारामही रडत होता. रुखमिणीनं ते ऐकलं आणि तिला आणखीच रडू फुटलं.

"आयक, रुखमे. त्या दिवशी चूल पेटवू नोको. काकीलेही सांग. अन् दारात बालटीभर पाणी ठेवजो."

"काहून जी? लोक म्हणतीन, घरात दाणा नाही."

"म्हणू दे," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

पाण्याचं कोडं नव्हतंच. कोरोनापासून बाहेरून आलेल्या माणसानं अंगणातच आंघोळ करायची रीत पडली होती. राहिली चूल. त्याचाही उलगडा रुखमिणीनं केला. "सात महिने सोताच्या हातानं रांधलं न, तवा कळलं त्याइले, बायको रोज धुरात डोळे घालते म्हणून."

"तुहा मालक शहाणा झाला व!" धुरपता हसली. "तू बस गुमान. माह्या लेकराले मी उपाशी ठेवतो का? त्या दिवशी तुमीही माह्याकडंच जेवा."

त्या दिवशी उजाडायच्या आत धुरपताची चूल पेटली. अंड्यावरची कोंबडी तिनं कापली. सणासाठी मडक्यात जपलेला चिन्नोर तांदूळ काढला. रश्श्याचा वास आळीभर गेला. कितीतरी दिवसांनी गुड्डी नाक वर करून अंगणात उभी होती. रुखमिणीनं मात्र नवऱ्याचा शब्द मोडला नाही. तिनं सडा घातला, रांगोळी काढली, बादलीत निंबाचा पाला टाकला आणि उंबऱ्यावर बसून राहिली.

दहाच्या सुमारास तळ्याच्या पाळीवरून एक लांब पांढरी गाडी आली. एवढी मोठी गाडी कायले केली असेल यांनी, असं रुखमिणीच्या मनात आलं. गाडी तिच्या रांगोळीपुढून हळूहळू पुढं गेली आणि धुरपताच्या दारात थांबली.

"आला व माहा वाघ!" धुरपता पळी हातात घेऊनच बाहेर धावली.

पुढच्या दारातून तुलाराम उतरला. हाडंच राहिली होती त्याची. "बाबा!" करत गुड्डी धावली, तसा तो झटकन मागं सरला. "शिवू नोको, बेटा."

त्याच्यामागून कोणी उतरलं नाही. धुरपताच्या छपराच्या कवेलूंतून निघणाऱ्या धुराकडे त्यानं एकदा पाहिलं, आणि खाली मान घालून तो म्हणाला, "रुखमे, पयले काकीची चूल विझव."