खाडीपलीकडची कोळीण

जमिनीत झाकणाचं बीळ करून राहणाऱ्या कोळ्यांच्या अभ्यासक परुळेकरबाईंनी सत्यभामामावशींच्या अंगणाच्या कडेला पालथं पडून बिळाचं रुपयाएवढं झाकण चिमट्याने उचललं आणि आतल्या काळ्याभोर कोळिणीला मनोमन हात जोडले.

अशी दिसणारी जात फक्त खाडीच्या दक्षिणेकडच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर राहते, हे त्यांनीच तीस वर्षं भटकून नकाशावर मांडलं होतं. म्हणजे इथे, उत्तर काठावर सापडलेली ही नवी जात! भिंगाखाली डोळे ताणले, की पायांच्या काट्यांत फरकही दिसत होता. महिन्याभरात निवृत्त होणाऱ्या बाईंनी नवं नाव वहीत लिहूनही टाकलं.

"मावशी, ही तुमच्याच अंगणात कशी? शेजारी तर एकही नाही."

मावशी पोट धरून हसल्या. "अगो बाय, माझं माहेर पलीकडचं. इकडच्या मातीचं अंगण भेगाळतं, म्हणून दर दिवाळीला सड्यावरची माती होडीतून आणते. उरली की कडेला टाकते. त्यातनंच आली असणार ही भवानी!"

बाईंनी नाव खोडलं आणि झाकण पुन्हा चिमट्यात धरलं. तेवढ्यात कोळिणीने आतून झाकण असं ओढलं, की चिमटाच हातातून सुटला. कुदळ, टोपली, होडी सोसून हिने इथे संसार थाटला होता! बाईंना हसू फुटलं.

वहीत त्यांनी लिहिलं, "उत्तर काठ: फक्त सत्यभामामावशींचं अंगण. दोघीही मूळच्या दक्षिणेकडच्या."