आईला आणताना

समोर माथेरानचा डोंगर दिसू लागला तेव्हा कॅप्टन योगेंद्रने ऑटोपायलट बंद केला. पाठोपाठ इंजिनाची ताकद सांभाळणारी यंत्रणाही बंद केली.

शेजारी बसलेल्या सहवैमानिक समिधाने चमकून पाहिलं. "इतक्या लवकर, सर?"

"मागे आई बसलीये. पहिल्यांदाच विमानात. काशीला चढताना म्हणाली, तुझ्या हातानं ने रं मला. म्हटलं, आज खरंच हातानं नेऊ."

समिधा हसली. एरवी धावपट्टी समोर आली की शेवटी थोडा वेळ विमान हातात घ्यायचं, बाकी सगळं यंत्र बघतं. कंपनीला तेच आवडतं. खरं सांगायचं तर वैमानिकांनाही.

डाव्या हाताने त्याने विमान छान वळवलं. खाली पोशीर गावची भातखाचरं सरकली. उजवा हात इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवर होता. तिथे तो रोजच असतो, नुसता ठेवलेला. आज यंत्र बंद होतं, तरी हात नुसताच ठेवलेला होता.

"स्पीड, सर."

त्याने ऐकलं. वेग उतरत होता. दांड्या पुढे ढकलायच्या, कुठल्याही नवशिक्याला येतं. किती ढकलायच्या, ते मात्र त्याला सुचेना.

"सर, स्पीड!"

हात हलला नाही.

"आय हॅव कंट्रोल," समिधा म्हणाली आणि तिनेच दांड्या पुढे ढकलल्या. त्याचा हात त्यांच्याबरोबर पुढे गेला. मग तिने दोन्ही यंत्रणा चालू केल्या आणि विमान नीट उतरवलं. मागे कोणाला काही कळलं नाही. योगेंद्रला भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. काहीतरी वाटायला हवं होतं, एवढंच कळत होतं.

बाकी सगळे उतरल्यावर विमलबाई गंगेचा गडू सांभाळत दाराशी उभ्या असलेल्या दोघांजवळ आल्या. "सगल्यांना सांगितलं मी, माजा पोरगा चालवतो म्हनून!"

"मी नाही, आई. हिने उतरवलं."

विमलबाईंनी समिधाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "गुनाची गं बाय माजी!" मग लेकाकडे वळल्या. "आन् तू काय केलंस रं?"

"मी बसलो होतो."

"म्हंजी आमच्यासारकाच!" त्या खळखळून हसल्या, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जपून जिना उतरू लागल्या.