रुमालाखालचा हात

सांगलीच्या हळदपेठेतली सौद्याची जुनी इमारत आतून पोखरून तिचे फ्लॅट केले होते. सुकुमारअण्णांनी तिथं उभा जन्म अडत केली होती. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये ते हटकून आले ते भांडायलाच.

“इथं राहणार कोण रं?”

“राहतंय कोण, अण्णा? घ्यायचं, कुलूप लावायचं, भाव चढला की इकायचं,” दलाल पारस हसून म्हणाला.

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला.

“मग रीतीनं भाव कर. या जागंत भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली हात घाल, बोटं दाबून सांग. आन् भाव पटंस्तवर हात सोडायचा न्हाई.”

रीतीप्रमाणं त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. रुमालाखाली हात आला. अण्णांनी रागानं मातीमोल भाव दाबला. समोरच्या बोटांनी तो झिडकारला, अगदी जुन्या अडत्यानं झिडकारावा तसा. बोटं खरखरीत होती, हळकुंडासारखी.

‘हे पोरगं शिकलं कुठं?’

“सॉरी अण्णा, फोन आला व्हता,” जिन्यावरनं आत येत पारस म्हणाला. “हां, कुठं घालू हात?”

अण्णांनी हात ओढला. रुमालाखालच्या बोटांनी तो आणखी घट्ट आवळला.

भाव अजून पटला नव्हता.