एकच बुडी

बिरदेवचा एक पाय हौदाच्या पायरीवर पाण्यात होता आणि दुसरा काठावर कोरडा, तेव्हाच फोन वाजला. फोन त्याच्या शर्टाच्या खिशात आणि शर्ट पास्टरांच्या बायकोच्या, काशम्माच्या, खांद्यावर. तिनं नाव वाचलं. "शहाजी. भाऊ ना तुझा?" म्हणत फोन त्याच्या कानाला लावला.

अक्कलकोट रोडवरच्या एका मळ्यातला तो हौद. कमरेइतक्या पाण्यात पास्टर पंचाक्षरी हात पुढे करून उभे होते. काठावर मंडळीतली माणसं टाळ्या वाजवत गात होती. बिरदेवचा चेहरा बघून आधी टाळ्या थांबल्या, मग गाणं थांबलं. ढोलकीवाल्याला सगळ्यात शेवटी कळलं.

"आप्पा गेलं," बिरदेव म्हणाला. "दुपारी मैंदर्गीला माती हाय. मला निघाय पायजे."

"प्रभू शांती देवो," पास्टर म्हणाले. "ये. एक बुडी मार आणि जा. दोन मिनिटांचं काम."

"तितंच तर घोडं अडलंय. बाप्तिस्मा झाला आसंल तर भावकी मला मातीला हात लावू देणार न्हाय. खड्ड्यात थोरल्या लेकाची मूठ पयली पडती आमच्यात."

मागून उदयसिंह पुढे सरकले. तहसीलमधून निवृत्त झालेले, मार्ग काढण्यात वाकबगार. "अरे, बुडी मार, डोकं पूस, कपडे बदल. विचारलं तर सांग, झाला नाही म्हणून. कोण बघतंय?"

"खोटं बोलू नगं म्हणून हितंच शिकलो की, काका."

काठावर कुणीतरी हसलं. पास्टर हसले नाहीत.

"बिरदेव, मेलेल्यांना मेलेली माणसं पुरतील. हे मी नाही सांगत, प्रभूनं सांगितलंय. नांगराला हात घालून मागं बघतोस? जो आईबापाचा द्वेष करत नाही तो प्रभूचा शिष्य होऊ शकत नाही!"

"बाप जित्ता आसता तर करून बघितला आसता की द्वेष!" बिरदेवचा आवाज चिरकला. "मेलेल्या माणसाचा कसा करू? तुमीच सांगा."

"मी केलाय!" पास्टरांनी पाण्यावर हात आपटला. समोरच्या दोघींच्या साड्या भिजल्या. "मला विचार! मी केलाय!"

ही साक्ष मंडळीला पाठ होती. वडील वारले त्या दिवशी पास्टर गावी गेले नव्हते. सोलापुरात भर चौकात उभं राहून सुवार्ता सांगत होते. दर अधिवेशनात ते हे सांगायचे. बायका डोळे पुसायच्या, आणि चौकातली गर्दी दर वर्षी थोडी वाढायची. ज्यानं एखाद्या वचनाची पुरी किंमत मोजलेली असते, त्याला दुसऱ्यानं घासाघीस केलेली खपत नाही.

"दोन मिनिटं," पास्टर म्हणाले. त्यांनी बिरदेवचं मनगट धरलं. "बाप एकदाच मरतो. ही वेळही एकदाच येते. उतर!"

बिरदेवनं हात सोडवून घेतला नाही. पुढचं पाऊलही टाकलं नाही. तो नुसता रडायला लागला, तोंड उघडं टाकून.

"साकु!" काशम्मा कानडीतच कडाडली. "पुरे करा आता! सोडा त्याला."

"तू मध्ये बोलू नको."

"त्या दिवशी मी होते तिथं. तुम्ही नव्हता." ती हौदाच्या अगदी काठाशी आली. "मामंजींना आपल्या रीतीप्रमाणं खड्ड्यात बसवलं, तोंड वाटेकडं करून. लोक म्हणाले, अजून जरा थांबू, लेक येईल. ऊन डोक्यावर आलं तरी थांबले. शेवटी तुमची मूठ मी टाकली. चौकातली माणसं मोजून सांगता दर वर्षी, हे कधी सांगता साक्षीत?"

उदयसिंहांना एकदम आंब्याच्या झाडावर काहीतरी बघण्यासारखं दिसलं.

पास्टरांचा हात सुटला. त्याच झाडाला त्यांची पँट टांगलेली होती. काशम्मानं तिच्या खिशातून किल्ली काढली आणि शर्टाबरोबर बिरदेवच्या हातात कोंबली. "एसटीनं जाशील तर अक्कलकोटलाच दुपार होईल. यांची गाडी घे."

"काशम्मा! ती मंडळीची गाडी आहे!"

"मंडळीच्याच माणसाला दिली."

बिरदेवनं ओला पाय तसाच चपलेत घातला. फाटकाजवळ थांबून त्यानं एकदा मागं बघितलं. पास्टरांना ते दिसलं, आणि त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली.

"जा! जा मेलेल्यांत!" ते फाटकाकडं बघून ओरडले. त्या झोकात शेवाळावरून पाय सटकला आणि ते डोक्यासकट पाण्यात गेले.

वर आले ते ठसकत, डोळे चोळत. उजवी मूठ आवळलेली होती. तोल सावरायला तळाशी हात टेकला असणार. बोटांच्या फटींतून काळा गाळ मनगटावर उतरत होता.

गाडीचा आवाज रस्त्याला लागला, मग ऐकू येईनासा झाला. काशम्मानं टॉवेल पुढे केला. पास्टरांनी तो घेतला नाही. मूठही उघडली नाही.

"टाका की ती माती," ती म्हणाली.

"कुठं?" पास्टर तिच्यावर खेकसले. "कुठं टाकू?"