डोंगर पेटला

दिवेलागणीला राजुऱ्यातल्या निम्म्या गच्च्यांवर माणसं चढली होती. दूर जिवतीकडच्या डोंगरावर आगीची लाल ओळ वाकडीतिकडी वर सरकत होती. कुणी चहा वरच मागवला, कुणी पोरांना खांद्यावर घेतलं. फुकटचा तमाशा कुणाला नको असतो!

"दुरून डोंगर साजरे म्हनते ते काई खोटं नाई," शेजारचे बापूराव म्हणाले. "दिवाळीवानी दिसून राह्यला."

गुणवंतराव हसले. चार दिवसांपूर्वी त्यांना मुलगा झाला होता, त्यामुळे ते सध्या कशालाही हसत. नातवाचं तोंड पाहायला त्यांच्या सासूबाई ठमाबाई दुपारच्या एसटीनं त्याच डोंगरावरून एकट्याच उतरल्या होत्या; सासरे मागे राहिले होते. त्यांनाही मजा दिसावी म्हणून त्यांनी हौसेनं हाक मारली.

ठमाबाई पदराला हात पुसत वर आल्या. डोंगराकडे बघितलं मात्र, त्यांनी कठडा घट्ट धरला.

"आमच्याच बाजूले लागली का जी?"

"तिकडंच दिसते, मामी. पन तुमचं गाव नाल्याच्या अलीकडं. गावाले काई होत नाई."

"हे मोहफुलं येचनाऱ्यायचं काम," बापूरावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "झाडाखालचा पाला जाळते अन् चालले जाते. हात तोडले पाहिजे अशायचे."

"मीच लावली," ठमाबाई म्हणाल्या.

बापूरावांची बशी हातातच राहिली. गुणवंतरावांना वाटलं, सासूबाईंना चक्कर येतेय. त्यांनी पुढे होऊन दंड धरला.

"ज्यानं पाला जाळून जागा साफ केली, त्याचं झाड. हंगामभर मंग कोनी हात लावत नाई. मी इथी आठ दिवस राहीन, तवर दुसऱ्यानं जागा धरली असती. पाला पहाटंच जाळा लागते, दवानं ओला रायते तवा. पन पहाटे घरचं आवरता आवरता राहून गेलं. एसटी सुटन म्हून भर उन्हात काडी लावली."

बापूराव बशी ठेवून खाली निघून गेले. आगीची ओळ आता दोन ठिकाणी फुटली होती. पलीकडच्या गच्चीवर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गुणवंतराव जावई होते, काहीतरी धीराचं बोलणं भाग होतं.

"होते चूक मानसाची, मामी. झाडं काय, उगवतीन परत. मामाजी गावात सुखरूप आहे, हे काय कमी आहे?"

ठमाबाईंनी मान हलवली. डोळे डोंगरावरून निघेनात.

"ते गावात नाई जी. त्यायचे गुडघे धरले, चालनं होत नाई. मीच हाताले धरून झाडापाशी नेऊन बसवलं. म्हटलं, आग इझल्याबिगर उठू नका."